अब्बांचं नाव पडद्यावर

काल दुरुस्तीवाल्याने माझा लॅपटॉप उघडला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. लहानपणी भिवंडीत माझ्या मैत्रिणीच्या, नसरीनच्या घरी असाच वास यायचा. तिच्या मामाने कुवेतहून टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणला होता. दिसायला नुसता एक जाड कीबोर्ड. शाळा सुटली की आम्ही दोघी त्याच्यापुढे बसायचो.

भिंतीपलीकडे तिच्या अब्बांचे कापड विणायचे लूम होते. एखादा लूम सुरू झाला की व्होल्टेज पडायचं आणि आम्ही टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं. एकदा नसरीन अगदी रडकुंडीला आली, तेव्हा अब्बा आत आले.

"काय करतं हे?"

"तुमचं नाव लिहील, अब्बा."

त्यांनी सगळे लूम बंद करायला लावले. त्या घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आम्ही दोन ओळींचा प्रोग्रॅम भराभर टाइप केला आणि अख्खा पडदा 'युसूफ, युसूफ'ने भरला.

"याला माझं नाव कुणी सांगितलं?"

"आम्हीच!"

"मग याला सोताचं काय ठाऊक हाय?"

आम्ही खिदळलो. तो प्रश्न किती खोल होता, हे मला आत्ता कळतंय.

अब्बा हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लूम राहू दे बंद. परत एकदा दाखवा."