घरचं नाव मोरचूद

खरवडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सेलूच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे होते आणि अकरावीतल्या एका मुलाला विचारत होते, "तुला घरी काय म्हणतात?"

"बाळ्या, सर."

"अन् हजेरीत?"

"बाळासाहेब."

"मग मिठाला हजेरीत काय म्हणायचं?"

"सोडिअम क्लोराइड, सर!"

"हां. जा आता."

मी नेमणुकीचं पत्र हातात धरून मागे उभी होते. हे कसलं रसायनशास्त्र, असं माझ्या मनात आलं. ते आज कबूल करायला हरकत नाही. सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि मीही आता निवृत्त आहे.

माझे वडील पूर्णेला रेल्वेत होते. मला मात्र त्यांनी आत्याकडे सिकंदराबादला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. मराठी घरात बोलायची. रसायनशास्त्र सगळं इंग्रजीतून. सेलूला आल्यावर पहिल्याच तासाला 'आम्लारिधर्मी मूलके' हे दोन शब्द म्हणताना माझी जीभ अशी अडखळली, की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, पाणी पिऊन घ्या." अख्खा वर्ग हसला. सरांना ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला ते खुर्ची ओढून बसले. "मॅडम, मला व्हॅलन्सी नीट म्हणता येत नाही, तुम्ही शिकवा. मी तुम्हाला संयुजा शिकवतो." सरांना व्हॅलन्सी उत्तम म्हणता येत होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

त्यांच्या तासाला मी मागे जाऊन बसत असे. एकदा त्यांनी एका मुलाला सोडिअम केलं, एका मुलीला क्लोरीन, आणि सांगितलं, "चला, बंध तयार करा." सेलूतली मुलं ती! दोघंही लाजून जमिनीकडे बघत राहिली. सर जराही न गडबडता म्हणाले, "बरोबर हाय. हात धरायचाच न्हाई. हा आयनिक बंध आहे. सोडिअम, तुझ्याजवळचा खडू म्हणजे इलेक्ट्रॉन, तो तिला दे. दिला? आता तू धन आयन झालास, ती ऋण आयन झाली. आता नुसतं जवळ उभं राहायचं." मग दोन मुलींना पुढे बोलावून एकच खडू दोघींना मिळून धरायला लावला. "हा सहसंयुज. इथं कोणी कोणाला देत न्हाई, वाटून घेतात." इतकी वर्षं झाली, पण आयनिक बंध म्हटलं की त्या मुलाचे लाल झालेले कान मला आठवतात.

पण सर म्हणजे काय, हे मला कळलं ते जनामुळे.

जना देवकते सोनपेठकडच्या एका खेड्यातून आली होती. घरी मेंढ्या. वसतिगृहात राहून अकरावी विज्ञान शिकत होती. नापास झाली तर परत जितराबामागे जायचं, असं वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं. वर्षअखेरची तोंडी परीक्षा माझ्याकडे होती. नावाच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या बाटल्या टेबलावर ठेवायच्या. मुलांनी संयुग ओळखायचं, नाव आणि आयन सांगायचे. निळ्या खड्यांची बाटली बघून जना लगेच म्हणाली, "मोरचूद."

"नाव सांग."

"मोरचूदच हाय, मॅडम."

पांढऱ्या भुकटीला ती 'नवसागर' म्हणाली, हिरवट खड्यांना 'हिराकस'. मी यातला एकही शब्द ऐकलेला नव्हता. मला वाटलं, पोरगी मनाची नावं ठोकून देते आहे. पुढचं काही न विचारता मी तिच्यासमोरच लाल शाईनं शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी गुणपत्रक सरांच्या समोर गेलं. विभागाचे प्रमुख तेच. "जना काहीच बोलली नाही का, मॅडम?"

"बोलली ना. मोरचूद, नवसागर, हिराकस, असलं काय काय म्हणत होती."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "जाता जाता धान्याच्या मोंढ्याजवळच्या दुकानातून पावशेर कॉपर सल्फेट आणून द्याल? मुलांना दाखवायचे खडे संपत आलेत."

दुकानदाराला मी तीनदा 'कॉपर सल्फेट' म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हटलं, "निळं असतं हो, खड्यांचं."

"मग मोरचूद म्हणा की ताई! उगं कशाला इंग्रजी झाडायलाव?"

कागदाची पुडी घेऊन मी परत आले, तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल, ते सरांनाच ठाऊक. ते एवढंच म्हणाले, "नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. तिन्ही नावं बरोबर होती." मी म्हटलं, "सर, तुम्हीच ते शून्य खोडा ना." सरांनी मान हलवली. "सही तुमची आहे. मी खोडणार नाही. उद्या दुपारी पत्रक प्राचार्यांकडे जाईल."

सकाळी वसतिगृहात गेले, तर जना निघून गेली होती. तशीच धावत एसटी स्टँडवर गेले. सोनपेठची गाडी लागलेली, जना ट्रंकेवर बसलेली, शेजारी तिला न्यायला आलेले, खांद्यावर घोंगडी टाकलेले तिचे वडील.

"चला परत," मी म्हटलं. "ती नापास नाही. चूक माझी झाली."

वडील हसले. "मास्तरणीची बी चूक होती व्हय?" मग पोरीला म्हणाले, "जाय बाई. मी हितंच बसलोय. गाडी काय, दुपारची बी हाय."

पुन्हा तोंडी परीक्षा झाली. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मी निळ्या खड्यांची बाटली पुढे केली. "मोरचूद," जना भीत भीत म्हणाली. "मेंढरांचे खूर सडले की आमी ह्याच्या पाण्यात बुडवताव."

मला वाटलं, झालं, द्यावेत पूर्ण गुण. पण सर कोपऱ्यातून म्हणाले, "हे घरचं नाव झालं. हजेरीतलं सांग."

"कॉपर... सल्फाइड."

"सल्फाइडात ऑक्सिजन असतो का गं?"

जना बोटं मोजत राहिली. सरांनी मदत केली नाही, मलाही करू दिली नाही. खिडकीबाहेर शिपाई झाडांना पाणी घालत होता, त्याची बादली दोनदा भरून झाली. मग ती एकदम म्हणाली, "सल्फेट! कॉपर सल्फेट. कॉपरवर दोन धन, सल्फेटवर दोन ऋण."

नवसागर तिला जमला. हिराकशीत लोहाचा प्रभार चुकला. मी दहापैकी सहा दिले आणि सरांकडे पाहिलं. "वाढवू नका," ते हळूच म्हणाले. "तिचे तिनं मिळवलेत, तेवढे पुरेत." आधीचं शून्य मी माझ्या हातानं खोडलं आणि शेजारी पुन्हा सही केली.

सरांचा स्वभाव असा आहे. मुलांच्या तोंडची भाषा त्यांनी कधी हलकी मानली नाही, आणि तिच्यावर भागवूनही घेतलं नाही. सहकाऱ्याला त्याची चूक दाखवायची, पण ती निस्तरायला त्यालाच लावायची. माझ्या मुलाच्या आजारपणात महिनाभर माझे तास त्यांनी घेतले आणि हजेरीपटावर माझंच नाव राहू दिलं, ही गोष्टही मला इतरांकडून कळली.

जना आज पशुवैद्यक आहे. सरांच्या या गौरवग्रंथासाठी लिहिते आहे म्हणून तिला फोन केला, तर म्हणाली, "मॅडम, माझा झीरो लिहा बरं का त्यात. सर कोणाला सांगायचे न्हाईत."

खरं आहे. सरांनी ते कोणालाच सांगितलं नाही. उलट माझ्या निरोपसमारंभात भरल्या सभागृहात ते म्हणाले, "मॅडमनी दिलेला गुण कधी तपासून पाहावा लागला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

सर, तुम्हाला न विचारता मी हे आज छापायला देते आहे. तुम्ही चष्मा पुसून वाचाल आणि फोन करून रागवाल, "मॅडम, हे कशाला लिहायचं?" जरूर रागवा. गुडघे जपा, साखर आटोक्यात ठेवा, संध्याकाळचं स्टेशनपर्यंतचं फिरणं सोडू नका. माझ्या अजून पुष्कळ चुका सांगायच्या राहिल्या आहेत. त्या सगळ्या ऐकून रागवायला तुम्ही आम्हाला हवे आहात.