परसातला फ्रेंच कोंबडा

वाइनच्या बाटलीचं बूच निघालं, वास पसरला आणि मी मनानं विट्याला, सासरच्या परसात पोचले. तेव्हा नवी सून होते. फ्रेंच पद्धतीनं वाइनमध्ये कोंबडा शिजवायचा हट्ट माझाच. सासूबाई माळकरी, म्हणून कोंबड्याची चूल बाहेर. गावठी कोंबडा काही केल्या शिजेना. शेवटी सासूबाईच नाकाला पदर लावून आल्या आणि चुलीत लाकडं सारत बसल्या.

तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी थांबल्या.

"दारूचा वास कुठनं येतोय गं?"

मी गारठले. सासूबाईंनी नाकावरचा पदर काढला.

"आमच्या सुनंचं कालवण हाय. आत ये, जेवूनच जा."

तेव्हा नुसतं सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी काय केलं, ते आता कळतं. आज त्या नाहीत. पण हा कोंबडा रटरटत असताना मी खिडकी कधीच लावून घेत नाही.