मंगळवारचा आकडा

आमच्या मावसदिरांनी जन्मात कुणाचा चेहरा लक्षात ठेवला नाही. भाऊजी माणूस ओळखायचे ते रक्तावरून. मळमड्डीतल्या त्यांच्या छोट्या तपासणीच्या खोलीत अर्ध्या धारवाडचं रक्त येऊन गेलं होतं. लग्नात नवरी पाया पडली तर आशीर्वादाआधी विचारायचे, "तूच ना ती साडेआठ हिमोग्लोबिनवाली? खजूर खातेस का?" कुणाचा हात हातात आला की यांची बोटं कोपरापर्यंत सरकत आणि हे म्हणत, "शीर फार सुंदर आहे." रक्ताचे नमुने बर्फ घालून थर्मासमधून नेत, म्हणून त्यांच्या घरी थर्मासमधला चहा कुणी घेत नसे. पंचांगावर मात्र भारी राग. "रोग रक्तात, आणि तुम्ही बघता आकाशात," म्हणायचे.

माझं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन शुक्रवारी झालं. रविवारी भाऊजी रक्त घेऊन गेले, मंगळवारी सकाळी पुन्हा आले. बरं वाटतं का, असं मला विचारलं नाही. दंडाला विचारलं असावं. ताप नव्हता, टाके कोरडे होते. डॉक्टरीणबाई घरी जायला हरकत नाही म्हणाल्या आणि दुसरीकडे ऑपरेशनला गेल्या. थोरल्या वन्सं, म्हणजे आमच्या अक्का, यांनी सामान बांधलं. रिक्षा दारात आली आणि भाऊजी कागद घेऊन धापा टाकत आले.

"स्वल्प तडी, अक्का. जरा थांब. पोट चिरलं की दुसऱ्या दिवशी रक्तातला हा सुजेचा आकडा चढतो, ते चालतं. चौथ्या दिवशी उतरायला पाहिजे. हिचा आणखी चढलाय. आत कुठंतरी पू धरतोय."

"ताप आहे का?"

"येईल."

"मग आल्यावर बघू. तोंड बघ तिचं, किती टवटवीत आहे."

तोंड बघणं त्यांना कुठलं जमायला. यजमान अक्कांपुढे बोलत नसत, मी तर कुणापुढेच. मी चपला घातल्या. भाऊजींनी एकदा कागदाकडे, एकदा माझ्या चपलांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अक्का, आज वार कुठला?"

"मंगळवार."

"आणि सवाष्णीला मंगळवारी दवाखान्यातून घरी नेणार?"

घाईत विसरलेल्या अक्का मटकन खाटेवर बसल्या. रिक्षा परत गेली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आकडा बघून लगेच इंजेक्शनं सुरू केली. बुधवारी थंडी वाजून ताप आला, तेव्हा औषध आधीच अंगात होतं.

पुढं कितीतरी वर्षं अक्का सगळ्यांना सांगत, हिला मंगळवारानं वाचवलं. दर पाडव्याला भाऊजींना पंचांग भेट देत. ते मुकाट्यानं घेत आणि मान खाली घालून माझ्या कोपरातली शीर बघत बसत. खरं काय ते सांगायला मला कधी तोंड फुटलं नाही.

आता दोघंही नाहीत. ओळखीतली कुणी ऑपरेशन होऊन घरी निघाली, की मी पदर सावरत पुढं होते. "स्वल्प तडी," म्हणते. "आज वार चांगला नाही. तोवर रक्त तपासून घ्या."

वार कुठलाही असो.