कागदावरची दोन वर्षं

रोज सकाळी वेणी घालताना महानंदा आपली जन्मतारीख म्हणायची. ओठांतल्या ओठांत, आणि कानडीत. जून नाल्कु, एरडु साविरद मूरु. चार जून, दोन हजार तीन. वेणीला रबर लागेपर्यंत तारीख चार-पाच वेळा म्हणून व्हायची. बेंगळुरूजवळच्या आनेकलला, दोन खोल्यांच्या घरात तिची आई यल्लव्वा भाकरी थापता थापता म्हणायची, "काय पुटपुटतीस गं सारखं? त्यापरीस देवाचं नाव घे, पुण्य तरी लागंल."

महानंदाचा जन्म चार जूनचाच होता. पण दोन हजार एकचा.

निपाणीजवळच्या गावात, मराठी शाळेत ती सहावी पास झाली, आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या वडिलांना, आप्पाजींना, आनेकलच्या कारखान्यात काम मिळालं. इथली शाळा कानडी. महानंदाला कानडी बोलता यायचं, वाचता एक अक्षर येत नव्हतं. म्हणून तिला सातवीऐवजी पाचवीत बसवलं. पाचवीच्या मुलीचं वय पाचवीचंच असलेलं बरं, पुढे कटकट नको, असं शाळेचा कारकून म्हणाला, आणि आप्पाजींनी स्टॅम्पपेपरवर सही केली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "पोरगी दोन यत्ता मागं आली, तर वय बी यील की मागं," ते हसत म्हणाले.

वर्गातल्या मुली तिच्या खांद्याला लागत. प्रार्थनेला ती गुडघे किंचित वाकवून उभी राहायची. हे वाकणं एकट्या चंद्रकांत मास्तरांच्या लक्षात आलं. ते खेळ शिकवायचे. त्यांनी तिला रांगेतून बाहेर बोलावलं, हातात बास्केटबॉल दिला आणि म्हणाले, "सरळ उभी राहा आधी. मग टाक." तिने टाकला. पहिला चेंडू कड्याला लागून परत तिच्याच हातात आला. उंच असल्याबद्दल कुणी शाबासकी द्यावी, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तालुक्याच्या पहिल्या स्पर्धेत टेबलामागच्या माणसाने जन्मतारीख विचारली, तेव्हा ती गांगरली आणि खरी तारीख सांगून बसली, मराठीत. त्या माणसाला मराठी येत नव्हतं. मास्तरांनी घाईने कागद पुढे सरकवला. परतीच्या बसमध्ये ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "कागदावर आहे ती पाठ कर." दुसऱ्या दिवसापासून तिने वेणी घालताना पाठ करायला घेतली.

पुढे मास्तरांनीच तिला बेंगळुरूतल्या जयनगरच्या एका क्लबात नेऊन सोडलं. शाळा सुटल्यावर बस, बसमध्येच डबा, आणि दिवे लागेपर्यंत मैदान. तिथे संहिता भेटली. संहिताच्या घरचे इथे इतक्या पिढ्यांपासून राहिलेले, की मूळ गाव कोणतं हे तिच्या वडिलांनाही नीट सांगता यायचं नाही. "आमचं मराठी ऐकून हसू नको हं," पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आणि स्वल्प सरक, माझी पिशवी तुझ्या बुडाखाली आहे." महानंदा खूप दिवसांनी घराबाहेर मराठीत हसली.

संहिता खेळायची फार सुरेख. पास कुठे जाणार ते तिच्या डोळ्यांवरून कधी कळायचं नाही. महानंदाकडे जोर होता, संहिताकडे नजर. शनिवारी दोघी संहिताच्या घरी जेवायच्या. तिची आई सत्यवती चित्रान्न वाढता वाढता हमखास म्हणायची, "एका वयाच्या दोघी, आणि ही बघ कशी भरलीय! संहिते, तू चिवडत बस नुसती." महानंदा मान खाली घालून जेवायची.

सोळा वर्षांखालच्या राज्य संघाची निवड होती. अकरा मुली ठरल्या होत्या. बाराव्या जागेसाठी प्रशिक्षकांनी दोघींनाच समोरासमोर उभं केलं. पाच बास्केट आधी करेल ती. महानंदाने पहिल्याच चेंडूला खांदा लावला आणि संहिता दोन पावलं मागे फेकली गेली. तो नियमात बसणारा खांदा होता. पाचही वेळा तिने तेच केलं. पाच-दोन.

नळावर गुडघा धुताना संहिता म्हणाली, "तुझं काही नाही गं. माझ्यातच जोर नाही. एकाच वयाच्या ना आपण?"

महानंदाने तिच्यासाठी नळ धरून ठेवला. तेवढंच तिने केलं.

संहिताने दोन महिन्यांत खेळ सोडला. महानंदा राज्याकडून खेळली, खेळाच्या कोट्यातून कॉलेजात गेली, विद्यापीठाची कप्तान झाली. संहिताचे फोन ती घ्यायची, पण भेटणं टाळायची. आणि एक दिवस बेंगळुरूच्या एका व्यावसायिक संघाने तिला बोलावलं. महिन्याचा पगार, राहायला जागा, पाठीवर छापलेलं नाव. आप्पाजींनी कारखान्यात पेढे वाटले.

संघाचे व्यवस्थापक रविकिरण सरळ माणूस होते. त्यांनी फॉर्म पुढे ठेवला आणि कानडीत समजावलं, "प्रत्येक संघात एक जागा बावीस वर्षांच्या आतल्या मुलीसाठी राखीव आहे. ती तुझी. जन्मतारीख स्वतःच्या हाताने लिही, खाली सही."

पेन टेकवता टेकवता महानंदाने उगाच विचारलं, "माझ्यामागे कोण होतं, सर?"

"हुबळीची एक मुलगी. खेळते छान. अंगात जोर कमी पडतो. का?"

"काही नाही. सोमवारी आणून देते," ती म्हणाली, आणि फॉर्म घडी घालून पिशवीत टाकला. त्या दुपारी तिने आनेकलची बस धरली नाही. ती जयनगरला गेली.

संहिता सीएची पुस्तकं घेऊन घराच्या पुढच्या पायऱ्यांवर बसली होती. महानंदाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कानडी शाळेपासून बाराव्या जागेपर्यंत. संहिता बोटाने पुस्तकाचं पान धरून ठेवत म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी पंधराची आणि तू सतराची."

"हं."

"आई मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती, माहितेय? दोन वर्षं टॉनिक प्यायले मी. मला काही झालेलंच नव्हतं."

आतून सत्यवतीने विचारलं, "कोण आलंय गं?"

"अक्का आलीय," संहिता मोठ्याने म्हणाली.

"कोण अक्का?"

"महानंदाक्का. मोठी आहे ती माझ्याहून. आजच कळलं."

महानंदाला वाटलं, संहिताने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तिने फॉर्मचं सांगितलं. हुबळीच्या मुलीचं सांगितलं.

"भरलास?"

"अजून नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?" संहिताने आता पहिल्यांदा वर बघितलं. "मी म्हणावं, झालं गेलं, भर बाई, म्हणून?"

महानंदाचे कान तापले. कारण खरंच ती त्याचसाठी आली होती. क्षमा मागायला येताना फॉर्म पिशवीत घेऊनच आली होती. संहिता 'असू दे' म्हणाली असती, तर त्याच पायऱ्यांवर बसून तिने दोन हजार तीन लिहिलं असतं. एवढी वर्षं जे केलं ते वडिलांनी, कारकुनाने, मास्तरांनी केलं असं तिला म्हणता येत होतं. हे लिहिणं मात्र तिचं एकटीचं असणार होतं.

सत्यवती बाहेर येऊन "जेवून जा" म्हणाली. महानंदा थांबली नाही.

सोमवारी तिने रविकिरणांच्या टेबलावर घडी उलगडली, त्यांच्याकडूनच पेन मागून घेतलं आणि तारीख लिहिली.

"वर्ष चुकलंय," ते म्हणाले.

"नाही सर. आधीचं चुकलं होतं. दहा वर्षांपूर्वीचं."

रविकिरणांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. "ही जागा गेली तुझी. असोसिएशनला मला कळवावं लागेल. किती वर्षं बंदी घालतील सांगता येत नाही. जुने सामने, कॉलेजचा कोटा, सगळं उकरून काढतील. घरी विचारलंस?"

"नाही."

"आणखी काही सांगायचंय?"

हुबळीच्या मुलीचं नाव विचारावं असं तिला वाटलं. पण ते विचारण्यातही स्वतःला चांगलं म्हणवून घेण्याची हाव आहे, हे तिला आता ओळखू येत होतं. काचेपलीकडे संघाच्या मुली सराव करत होत्या. खरं बोलल्यावर मोकळं वाटतं म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. फक्त कारखान्यातले पेढे आठवले, आणि डबा एकेकापुढे धरणारे आप्पाजी.

ती उठली. दारापर्यंत जाऊन परत वळली.

"सर, तुमचं पेन."