लाल गाडीची पुढे सरकणारी सीट

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून लिंबू-मिरची, अंगारा, अंगात येणं... सगळं उंबऱ्याबाहेर. मीही कधी मानलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, विड्या वळते, आणि चार लोकांत बोलायचं म्हटलं की माझा आवाजच निघत नाही. माझी मुलगी सपना एक मासिक आणते, त्यात लोकांचे असे अनुभव असतात. वाचून वाटलं, आपलाही लिहावा. पाठवणार नाही. सपनाच्या जुन्या वहीत राहील.

आमचं गाव सौंदड. स्टेशनच्या अलीकडे एक बंद पडलेली राईस मिल आहे, तिच्या भिंतीला लागून आमचं घर. साल दोन हजार अकरा. हे, म्हणजे सपनाचे बाबा, वीस वर्षांपासून गावातल्या दुसऱ्या, चालू मिलचा धानाचा ट्रक चालवत होते. जन्म ओझं ओढण्यात गेला, म्हणून ह्यांना एकच हौस होती. छोटी, पळणारी गाडी.

ती गोंदियाला मिळाली. लाल, बुटकी, मागचं दार वर उघडणारी, रुंद टायरची. दिसायला बारकी, पण इंजिन मोठ्या गाडीचं. विकणारे गृहस्थ सहा फुटांच्या वर उंच होते. किल्ली देताना त्यांनी टपावरून हात फिरवला. दुसरी किल्ली कुठे आहे विचारलं तर म्हणाले, कधीच हरवली. तिथल्या मिस्त्रींनी बोनेट उघडून पाहिलं आणि मला म्हणाले, "भाभी, दिखने में बकरी है, भागने में हिरन."

गावात सगळे हसले. भाड्याने लावता येईल अशी मोठी गाडी सोडून हे काय आणलं? शेजारची कौसाबाई म्हणाली, "चार मानसं अन् एक कोंबडी बसते हिच्यात. कोंबडी बी मांडीवर घ्या लागते." खड्ड्यात गाडीचं पोट घासायचं, की ह्यांचा जीव कळवळायचा. पण मोकळ्या रस्त्यावर ह्यांनी पाय दाबला की मागून कोणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं आणि हे लहान पोरासारखे हसायचे. वीस वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे बाहेरून ओरडले, "सपनाची माय, सीट तू सरकावली का व?"

"मी काऊन सरकवू? मले तं तिचं दार बी खोलता येत नाई."

चालवायची सीट पार पुढे सरकली होती. ह्यांचे गुडघे आत मावेनात. ह्यांनी ती मागे ढकलली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कधी रोज, कधी आठवड्यातून एकदा, पण सकाळी सीट पुढे. गोंदियाच्या मिस्त्रींनी सीट काढून पाहिली. म्हणाले, "लॉक एकदम सही है. अपने आप सरक ही नहीं सकती."

मग मी सीटखालच्या पट्टीवर, जिथे सीट मागे असते तिथे, खडूची खूण केली. तेंदूची पानं कापायचा आमचा पत्र्याचा साचा असतो, त्याने अंतर मोजलं. साडेतीन साचे. पुढच्या वेळी मोजलं, साडेतीन साचे. एकदाही कमी नाही, जास्त नाही. ढिल्या वस्तूला एवढं मोजमाप कुठून येणार?

ह्यांना वाटलं कोणीतरी आत शिरतं. मिलवाल्या माणसाला जे सुचणार तेच सुचलं. ह्यांनी पोतंभर धानाचा कोंडा आणला आणि पायाखाली, सीटवर, दारात, सगळीकडे बारीक पसरला. पाऊल उमटलंच पाहिजे. सकाळी पाहिलं तर कोंडा जसाच्या तसा, आणि सीट पुढे. मुंग्या मात्र लागल्या. पंधरा दिवस आम्ही गाडी झाडत होतो.

कौसाबाई म्हणाली, "एक लिंबू तं बांधून पाहा."

हे म्हणाले, "लिंबू बांधन तं माया बाप येऊन मलेच बांधन."

असे आठ महिने गेले. आम्हाला सवय झाली. सीट पुढे दिसली की हे गाडीला म्हणायचे, "सरक मांगं, तुई गंमत झाली असन तं," आणि सीट मागे घ्यायचे.

मग ह्यांचे डोळे. साखर होती, लक्ष दिलं नव्हतं. रस्त्यावर काळे धागे तरंगतात म्हणाले. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यावर रक्त उतरलंय, तीन दिवस भरती व्हा, आणि यापुढे गाडी चालवायची नाही. भरती व्हायला आम्ही आगगाडीने गेलो. निघताना ह्यांनी सीट मागे केली. मी डोळ्यांनी पाहिली. दार लावलं, किल्ली ह्यांच्या खिशात. तीन दिवस ती दवाखान्यात उशीखाली होती.

परत आलो तर सीट पुढे.

हे सांगते, कारण तोवर मला मनात कधी कधी वाटायचं, हेच तर माझी गंमत करत नसतील? त्या दिवशी ते गेलं.

ट्रक सुटला. मालकाने ह्यांना मिलच्या फाटकावर बसवलं. गाडी दारात उभी. हे पायरीवर बसून तिच्याकडे तोंड करून राहत. एके दिवशी म्हणाले, "गंज कायले चढवाचा तिले? देऊन टाकू." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी जेवले नाहीत.

साकोलीचे एक कंत्राटदार बघायला आले. अंगाने भरलेले. सीट पुढेच होती. ते आत शिरले तर पोट स्टिअरिंगला टेकलं. खालचा दांडा ओढून त्यांनी जोर लावला. सीट हलली नाही. ह्यांनी ओढून पाहिलं... आठ महिने जी एका हाताने मागे जात होती, ती जागची हलेना.

"हे तं जाम आहे गा," कंत्राटदार घाम पुसत म्हणाले. "दुरुस्त करून ठेवा, मी सोमवारी येतो. आपल्याले गाडी पसंत आहे."

ह्यांनी मान हलवली. मी दाराआड उभी होते. ह्यांचा चेहरा दिसत होता. परक्या माणसासमोर मी कधी तोंड उघडलं नाही, पण त्या वेळी बोलून गेले, "विकाची नाई."

हे वळले. "मंग चालवन कोन?"

"मी."

कंत्राटदार हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "तू तं सायकल बी चालवली नाई कधी."

बोलले होते, आता मागे कशी फिरू? पदर खोचला आणि जाऊन त्या सीटवर बसले. माझी उंची पावणेपाच फूट. एसटीत बसले तरी माझे पाय लोंबतात. पण त्या दिवशी पाय क्लचवर ठेवला तर तो पार खालपर्यंत गेला. पाठ सीटला टेकलेली, कोपर वाकलेलं, हात बरोबर स्टिअरिंगवर. ब्लाऊज शिवताना शिंप्याने माप घ्यावं, तसं. साडेतीन साचे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मी ह्यांना म्हटलं, "पाय पोहचून रायला."

हे बाजूला येऊन उभे राहिले. हाताने चाचपून माझा गुडघा, मग पायाखालचा क्लच पाहिला. मग कंत्राटदारांना म्हणाले, "माफ करा भाऊ. तुमाले उगाच तरास झाला."

बंद मिलच्या धान वाळवायच्या पटांगणात ह्यांनी मला शिकवलं. ह्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. बाजूला डोळे मिटून बसायचे. "आवाज भरला, टाक दुसरा... अजून नाई... आता." कधी म्हणायचे, "दाब न व. भेते कायले? तिले पयाले आवडते." सुरुवातीला मी पदराने अर्धं तोंड झाकून चालवायचे. महिनाभराने पदर खांद्यावर राहू लागला. लायसन मिळालं तेव्हा कौसाबाई म्हणाली, "आता मले कोंबडी घेऊन बसव."

डोळ्यांच्या तपासणीला ह्यांना गोंदियाला मी नेऊ लागले. एकदा पहिल्या मालकांकडे थांबलो. मी धीर करून विचारलं, तुमच्या घरी ही गाडी कोणी बाई चालवत होती का?

"नहीं भाभी," ते म्हणाले. "मेरे सिवा किसी ने हाथ नहीं लगाया. और मेरी सीट तो हमेशा सबसे पीछे."

म्हणजे कोणाची आठवण, कोणाची सवय, असंही म्हणता येत नाही. त्या सीटवर माझ्या मापाचं कोणी कधी बसलंच नव्हतं. आणि ह्यांचे डोळे जायच्या आठ महिने आधी, मी ज्या दाराला हात लावायला भीत होते त्याच्या आत... मला कळत नाही. शिकलेल्या माणसाला कळेल का, तेही माहीत नाही.

मी चालवायला लागल्यापासून सीट एकदाही सरकली नाही. खडूची खूण पुसून गेली. तरी हे रोज सकाळी बाहेर येतात, दार उघडतात आणि हाताने सीट चाचपतात.

"आहे न व जागेवर?"

"आहे," मी म्हणते. "बसा तिकून."