अक्का शांत झाली

डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, ‘सेल्फ-इंज्युरियस बिहेविअर’. म्हणजे स्वतःलाच इजा करून घेणं. "मतिमंदांत असतं असं," म्हणाले. माझी बहीण शोभाअक्का तेव्हा उजवं मनगट दातांत धरून बसली होती आणि आई पदरानं रक्त टिपत होती. डॉक्टर कागदाकडेच बघत होते.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही हुपरीचे, घरातच पैंजणांचं काम. अक्का चोवीसची. तिला मोजके दहा-बारा शब्द येत. पण घरात एक काम तिचंच होतं. तयार पैंजण कानाशी धरून ती एकेका घुंगरावर टिचकी मारायची. आतला मणी जोडकामाच्या डाखात अडकून वाजत नसेल तर नेमक्या त्याच घुंगरावर बोट ठेवून म्हणायची, "मुकं." दादा, म्हणजे आमचे वडील, ते उघडून बघायचे. ती चुकलेली मला आठवत नाही.

हॅलोपेरिडॉल सुरू झालं. हे भ्रमावरचं, उग्रपणा आवरणारं औषध. दर महिन्याला एसटीनं कोल्हापूर, दोन तास बाकड्यावर, आणि आत गेल्यावर एकच प्रश्न: "शांत आहे ना?"

"अधूनमधून चावते अजून," मी सांगायचो. डोस वाढायचा. मग हात थरथरू लागले. थरथरीवर दुसरी गोळी आली. लाळ गळू लागली. बसवलं तिथं अक्का बसून राहायची.

पाचव्या महिन्यात मी म्हणालो, "शांत आहे."

हे माझे शब्द आहेत. मी ते कुणावर ढकलणार नाही.

शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता घरात पोरगी हाय असं वाटतबी न्हाय!"

त्याच आठवड्यात व्यापाऱ्यानं एक जोड परत पाठवला. "काय वो पावणं, ह्यातलं घुंगरू मुकं हाय की!" दादांनी तो जोड अक्काच्या मांडीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता.

मग मी दवाखाना बदलला. नव्या डॉक्टर बाईंनी आधी अक्काचे हात हातात घेतले, कोपरं वाकवून पाहिली. "औषधानं अंग ताठलंय हिचं. चावायची कधी?"

"कधीही."

"कधीही असं नसतं. डोस थोडा थोडा कमी करू. चावेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा."

तीन महिने लाल फुल्या मारल्या. मला त्यात काही दिसलं नाही. बाईंनी कॅलेंडर पाहिलं आणि आईला थांबवून मला बाहेर जायला सांगितलं. पडद्याआडून ऐकू येत होतं.

"पाळीचे दिवस ना हे?"

"व्हय. कावळा शिवला की पोट धरून वरडती."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"बाप्या माणसापुढं कसं सांगायचं वो, बाई?"

"आणि त्या दिवसांत ती करते काय?"

"काय करणार? मागच्या खोलीत बसती. कडी लावतो. चांदीला हात लागला तर काळी पडती म्हणत्यात."

विटाळ मानू नका, असं छापलेली पत्रकं मी कोल्हापूरच्या स्टँडवर वाटली होती. आणि माझ्याच घरातली ती कडी मला दिसली नव्हती. दुखरं पोट आणि बंद दार, यांवर आम्ही अक्काला हॅलोपेरिडॉल देत होतो.

बाईंनी पोटदुखीवर साधी गोळी दिली. म्हणाल्या, "काहींना त्या औषधाची खरंच गरज असते. पण आधी कारण शोधायचं असतं." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला सहा महिने का लागले, हेही विसरणार नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पण "शांत आहे ना?" विचारलं की नुसतं हो म्हणून उठूही नका. आधी ती काय करायची आणि आता काय करत नाही, ते सांगा. आणि घरातल्या बाईला बोलू द्या. गरज पडली तर तुम्ही बाहेर जा.

त्या दिवशी आम्ही घरी येऊन सगळं सांगितल्यावर दादांनी पक्कड घेऊन ती कडी उपटली. आई कुजबुजली, "चांदी काळी पडंल की वो."

"पडू दे. घासायला मी हाय."

अक्का अजून कधीकधी चावते. मनगटाला फडकं बांधतो. थरथर पुरती गेली नाही. मागच्या महिन्यात, त्याच दिवसांत, ती दादांच्या शेजारी बसली होती. तिनं पैंजण कानाशी धरलं, टिचक्या मारत थांबली. बोट दोन घुंगरांच्या मध्ये थरथरत राहिलं.

"मुकं."

दादांनी दोन्ही उघडली.