रेकॉर्डवरची तान

नव्या हॉटेलवाल्याने संगीतप्रेम म्हणून भिंतीवर जुन्या रेकॉर्डी खिळ्यांनी ठोकल्या आहेत. काल तिथे दमट पुठ्ठ्याचा वास आला आणि मला रशीदभाईंची खोली आठवली.

रशीदभाई तबलजी, व्यंकटेश क्लॅरिनेटवाला, मी पेटीवाला. रविवारी दुपारी आम्ही रेकॉर्डी ऐकायचो आणि कुणी कुणाचं उचललंय यावर भांडायचो. त्या दिवशी मी छाती फुगवून म्हणालो, "माझी ती तान मात्र माझीच आहे."

सोलापुरात त्या तानेवरच माझं नाव होतं.

रशीदभाई उठले आणि त्यांनी एक रेकॉर्ड लावली. पहिल्याच आलापाला मी ती ओळखली. तान मी हिच्यावरूनच उचलली होती आणि ती शेवटी येणार होती. व्यंकटेश डोळे मिटून ऐकत होता. तान अगदी तोंडाशी आली आणि रशीदभाईंनी सुई उचलली.

"ऐकू द्या की, रशीदभाई!" व्यंकटेश म्हणाला.

"पुढं खराब हाय ती. चाय घ्या पहिलं."

जाताना त्यांनी ती रेकॉर्ड माझ्याच हातात दिली. घरी लावली, तर शेवटपर्यंत स्वच्छ वाजली.

तेव्हा वाटलं, सुटलो. पुढे कित्येक वर्षं त्यांनी मला साथ केली. माझ्या साध्या हरकतीलाही ते "क्या बात" म्हणायचे. त्या तानेला कधीच म्हणाले नाहीत.